ॲव्हरेज विचारा, सनरूफ घ्या

आमगावात नवी चारचाकी दारासमोर आली की घरचे आधी चाकाखाली लिंबू ठेवतात, मग बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि तिसरा विधी गल्लीतला कुणीतरी पार पाडतो. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, बुटाच्या टोकाने टायर दाबून बघतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते जी?" किंमत तो विचारत नाही. ती त्याला गाडी गोंदियाहून निघायच्या आधीच कळलेली असते, बँकेच्या हप्त्यासकट. मालक जराही न अडखळता "बावीस" म्हणतो. हा आकडा त्याने मोजलेला नसतो, गाडी तर अजून शोरूमने टाकलेल्या पेट्रोलवरच असते. तरी विचारणारा समाधानाने मान हलवतो. कारण स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज तो चोवीस सांगत आलेला असतो, आणि दोघांत दोनाचं अंतर राहिलं की गल्लीतली सामाजिक घडी मोडत नाही.

ॲव्हरेजवर एवढा जीव टाकणाऱ्या देशात कंपन्या कमी पिणारी इंजिनं भराभर का आणत नाहीत, हा प्रश्न पेट्रोलचा भाव हलला की आमच्या स्टेशनाजवळच्या चहाटपरीवर निघतो. मुंबई-हावडा मार्गावरचं गाव. दर थोड्या वेळाने एखादी लांबलचक मालगाडी धडधडत जाते, तेवढ्यात कुणाला काही ऐकू येत नाही आणि गाडी गेल्यावर प्रत्येकाला आपला मुद्दा पहिल्यापासून मांडायची संधी मिळते. टपरीचं ठरलेलं मत असं: "इंजिन तयार हाय. पन तेलवाल्यायनं दाबून ठेवलं."

हे मत एकट्या आमगावचं नाही. १९३० च्या दशकात कॅनडात चार्ल्स पोग नावाच्या माणसाच्या कार्बोरेटरची अशीच हवा झाली होती: गॅलनमागे दोनशे मैल! पेटंटं मिळाली, वर्तमानपत्रांत छापून आलं, फक्त तो कार्बोरेटर बसवलेली गाडी तेवढी बाजारात आली नाही. तेव्हापासून लोक तो दाबणाऱ्याला शोधताहेत. आपल्याकडे १९९६ मध्ये तामिळनाडूच्या एका गृहस्थाने पाला उकळून पेट्रोल काढून दाखवलं आणि दिल्लीपर्यंत धावपळ उडाली. पुढे त्या काढ्यात पेट्रोलियमचीच रसायनं निघाली आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. टपरीवरचे आमचे एक मामाजी मात्र आजही म्हणतात, "पाल्यात दम होता. त्याले फसवलं." मामाजींच्या श्रद्धेला आधार आहे. मोहफुलातून जे निघतं त्याच्यावर भलीभली माणसं चालताना त्यांनी उभ्या हयातीत पाहिली आहेत, मग गाडी चालायला काय हरकत?

दाबून ठेवलेलं खरं तर काही नाही. सगळं उघड्यावर पडलेलं आहे आणि फार दिवसांपासून पडलेलं आहे. आमगावजवळचं पदमपूर हे भवभूतीचं गाव मानतात. आमच्या महाविद्यालयालाही त्याचंच नाव आहे. आठव्या शतकातला हा नाटककार आपल्या काळातल्या टीकाकारांवर एवढा वैतागला, की माझी कदर करणारा पुढे कधीतरी निपजेल, असं नाटकाच्या सुरुवातीलाच सांगून मोकळा झाला. त्याच्या जातीचा माणूस शोधायचा तर तो इंग्लंडात सापडतो: जेम्स ॲटकिन्सन. १८८० च्या दशकात, ऑटो नावाच्या जर्मन इंजिनकाराच्या पेटंटला वळसा घालायचा म्हणून त्याने वेगळ्या तऱ्हेचं इंजिन रचलं. त्यात पिस्टन मिश्रण दाबताना कमी अंतर चालतो आणि स्फोटानंतर जास्त. जळलेल्या वायूत उरलेला जोर नळकांड्यातून फुकट जायच्या आधी पिळून घ्यायचा, एवढीच युक्ती. इंधन वाचतं, पण ओढ कमी पडते, आणि ओढ नसलेली गाडी कुणाला हवी? इंजिन वाट बघत बसलं. १९९७ मध्ये टोयोटाने जपानात प्रियस आणली. झडपा उशिरा मिटवून तोच परिणाम साधला आणि कमी पडणारी ओढ विजेच्या मोटरने भरून काढली. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. भवभूती याहून अधिक थांबला हे खरं, पण त्याला कारखान्याचं भाडं भरायचं नव्हतं.

उलट घाई करणाऱ्याचं काय होतं तेही कंपन्यांनी पाहिलेलं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅकने आठ सिलिंडरांचं असं इंजिन काढलं, की गरज कमी झाली की ते सहांवर चालावं, आणखी कमी झाली की चारांवर. कल्पना फक्कड, फक्त तिला राबवणारा संगणक १९८१ चा. गाडी रस्त्यात आचके देऊ लागली आणि मालकांनी गॅरेजात नेऊन सिलिंडर बंद पाडणाऱ्या यंत्रणेची तारच काढून टाकायला लावली. गाडी कायमची आठांवर. तीच कल्पना आज कितीतरी गाड्यांत कुणाच्या लक्षातही न येता चालते. पण कंपनीत असली आठवण कुणी पुसत नाही. तरुण इंजिनिअर नवं काही घेऊन आला की मिटिंगमधला एखादा ज्येष्ठ घसा खाकरून म्हणतोच, "कॅडिलॅकचं माहीत आहे ना?"

ही गोष्ट आमच्या मेकॅनिकला सांगितली तर तो म्हणाला, "बरोबर केलं. तार काढूनच टाकाव." त्याची सगळी विद्या एका पेचकसात आहे. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे, मग डोळे मिटून इंजिनाला कान लावायचा आणि समाधी उतरल्यावर जाहीर करायचं, "पाच वाढला." पाच कशावर वाढला हे कुणी विचारत नसे. ही विद्या २०२० मध्ये बुडाली. इंधनाचं इंजेक्शन असलेली पहिली भारतीय मोटरसायकल, ग्लॅमर, हिरो होंडाने २००६ मध्येच आणली होती. ती महाग होती, आणि तिच्या पोटात काय आहे ते उघडून बघणारा माणूस आमगावसारख्या गावांत नव्हता. लोकांनी तिला दुरून नमस्कार केला आणि कार्बोरेटरवाली घरी नेली. चौदा वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि जवळजवळ सगळ्या दुचाक्यांत इंजेक्शन बसलं, कारण या वेळी गिऱ्हाइकाला विचारलंच नव्हतं. मर्सिडीजने हेच तंत्र १९५४ मध्ये मोटारीत घातलं होतं. चारचाकीतही आपल्याकडे ते घरोघरी पोचलं ते १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी युरो मानकांच्या तारखा बांधून दिल्यावर.

आता आमचा मेकॅनिक नव्या गाडीचं झाकण उघडतो, आत बघतो, झाकण लावतो आणि म्हणतो, "याले स्कॅनर लागते. गोंदियाले न्या." पुण्या-मुंबईच्या वाचकाला या वाक्याचं वजन कळणार नाही. ते ऐकलं की आमच्याकडे गाडीची किंमत तिथल्या तिथे उतरते. कंपनीच्या विक्री खात्यालाही ते फार स्पष्ट ऐकू येतं. इंजिन किती पितं यापेक्षा ते तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं का, यावर गाड्या खपतात, आणि नवं तंत्र नेमकं तिथेच नापास होतं.

पण खरी करमणूक आपल्या राज्याच्या इतिहासात आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट काढली. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं आणि शतक संपेपर्यंत ती १०८९ सीसीचं तेच पेट्रोल इंजिन घेऊन मुंबईच्या टॅक्सीत राबली. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन परत आला. पद्मिनीत काहीच बदललं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नाव बदललं, पुढची जाळी बदलली. इंजिन बदलायला कारण काय होतं? किती गाड्या करायच्या ते सरकार ठरवून देई, परदेशी गाडी येऊ द्यायची नाही हेही सरकारच ठरवी, आणि गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरून रांगेत उभं असे. अशा गिऱ्हाइकाला जास्त ॲव्हरेज देणं म्हणजे लग्नाला नुसतं हो म्हणवून घेण्यासाठी झुरणाऱ्यासमोर आधी स्वयंपाकाची परीक्षा देत बसणं.

आकुर्डीच्या बजाजची चेतक तर घरातलीच. १९७२ ची. पोरगी आठवीत गेली की बाप स्कूटर बुक करायचा, म्हणजे लग्नापर्यंत नंबर लागून जावयाला देता यायची, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. त्यात मीठमसाला किती हे विचारू नये. ती टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत यायची वाट आणि धूर बाहेर जायची वाट काही क्षण एकदमच उघड्या असतात, त्यामुळे आत आलेल्यातलं बरंच न जळताच बाहेर पडतं. पंपावर मोजून घेतलेल्या पेट्रोलचा एक चांगला हिस्सा सरळ मागच्या सायकलवाल्याच्या नाकात जाई. सकाळी ती चालू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करून थोडी हलवायची, मग उभी करून किक. अख्ख्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षं कामावर जायच्या आधी स्कूटर कलती केली आणि "हे काय आहे?" असं आकुर्डीला पत्र लिहून विचारल्याचं ऐकिवात नाही. ज्या वस्तूसाठी माणूस इतकी वर्षं थांबला, तिच्यात खोट काढली तर त्या थांबण्याचं काय करायचं?

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. भरा, झाकण लावा आणि विसरा, अशी तिची इंग्रजी जाहिरात होती. आमगावने यातल्या पहिल्या दोन सूचना पाळल्या. पेट्रोल विसरणं आमच्या स्वभावात नाही, गाडी हलवून टाकीला कान लावणं चालूच राहिलं. पण नव्वदीच्या दशकात चेतकची रांग ओसरत गेली, तशी आकुर्डीलाही फोर-स्ट्रोकची गोडी लागली, आणि २००३ मध्ये त्यांनीच पल्सरला दोन स्पार्क प्लगांचं डीटीएस-आय इंजिन बसवून दाखवलं. म्हणजे बुद्धी आधीही तिथेच होती, तिला उठवायला शेजारी दुसरं दुकान उघडावं लागलं.

यावर टपरीवरचे गुरुजी म्हणतात, कंपन्या मुळात आळशीच. (गुरुजी निवृत्त आहेत आणि गणित शिकवायचे; त्यांना सगळं जग आळशी दिसतं.) मला हे पटत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. छोटी कोणती, तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. ॲव्हरेजचा अक्षरानेही उल्लेख नाही. आणि मग बघा काय चपळाई! टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस रस्त्यावर आणली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरची डिकी कापली. एक तांदळाचा कट्टा आणि दोन बॅगा सहज घेणाऱ्या डिकीत आता कट्टा किंवा बॅगा, असा पर्याय आला. इंजिनावर वर्षानुवर्षं विचार करणाऱ्या मंडळींनी काही सेंटिमीटरांसाठी अख्खी गाडी नव्याने आखली. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही तीच फूटपट्टी आहे: आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४०. लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा दाखला मिळवलेली हायब्रिड चार मीटरांच्या वर गेली की ४० मध्ये. त्याआधी तिला सेस धरून ४३ होते, आणि विजेच्या गाडीला ५. कर घेणारा टेप घेऊन दारात येतो म्हटल्यावर गाडी करणारा लिटरचं माप कशाला काढेल? तोही टेपच काढतो.

सरकारने पेट्रोल मोजलंच नाही असं नाही. २०१७ पासून कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी तपासली जाते. आधी किलोमीटरमागे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा होती, २०२२ पासून ती ११३ वर आली. या सरासरीची मौज अशी, की एकेकट्या गाडीला कुणी जाब विचारत नाही. मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते, म्हणजे जड गाड्या विकणाऱ्याला सूट थोडी जास्त. आणि विजेची एक गाडी विकली की हिशेबात ती तीन धरायची. हे कळल्यावर आमच्या राइस मिलवाल्या शेठनी चहा खाली ठेवला. "एकाचे तीन? मंग धान खरेदी केंद्रावर काहून नाई करत असं?"

अमेरिकेने हा खेळ आपल्या आधी खेळून घेतला. १९७३ च्या तेलटंचाईने हादरून त्यांनी १९७५ मध्ये सरासरीचा कायदा केला. मोटारींना मर्यादा कडक, शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या हलक्या ट्रकला सैल. कंपन्यांनी काय करावं? त्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर गुबगुबीत सीटा घातल्या, खिडक्यांना काळ्या काचा लावल्या आणि शहरातल्या माणसाला सांगितलं, तुम्हाला हाच ट्रक शोभतो. एसयूव्हीची साथ तिथून पसरली आणि पसरत पसरत आमगावच्या बाजारातल्या त्या बोळापर्यंत आली, जिथे समोरून बैलगाडी आली तर दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. बैल मागे जात नाहीत.

आता ॲव्हरेज ठरतं कसं तेही सांगायला हवं, कारण टपरीवर त्यावरून मारामारी व्हायची वेळ आलेली आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. पुण्यात बरीच कामं या पद्धतीने होतात असं विदर्भातला माणूस म्हणेल, पण मी म्हणत नाही. ठरावीक सेकंदांना ठरावीक वेग, ताशी नव्वदच्या वर नाही, एसी बंद. त्यातून २०२२ च्या ग्रँड विटारा हायब्रिडला २७.९७ असा आकडा मिळाला. दशांशानंतरचे ते दोन अंक बघून गुरुजींना भरून आलं. आमच्याकडे मात्र दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं, आणि पाच सीटांच्या गाडीत सात माणसं, एक सतरंजी आणि कुणाचा तरी मांडीवर झोपलेला भाचा घेऊन देवरीच्या रस्त्याने जावं लागतं. भाच्याला रोलरवर कुणी बसवत नाही.

तरी प्रत्येक गिऱ्हाईक ॲव्हरेजसाठीच शोरूममध्ये जातं, असं तेच सांगतं. गोंदियाच्या एका शोरूममध्ये मी एका परिचित कुटुंबाबरोबर गेलो होतो. वडिलांनी आत पाऊल टाकताच विचारलं, "किती देते?" विक्रेत्या पोराने आकडा सांगितला. वडिलांनी तो मुलाकडे सोपवला, मुलाने मोबाइलमध्ये टिपला आणि ॲव्हरेजचं प्रकरण तिथेच मिटलं. पुढचा तासभर सनरूफवर गेला. कळ दाबली की छप्पर सरकतं, पुन्हा दाबली की मिटतं. आजीला आत बसवून दाखवलं, आजीने वर बघितलं आणि म्हणाली, "पानी येन ना बाई." गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, जूनपासून पाऊस झोडपतो, छताला भोक पाडून घ्यावं असं हवामान आमच्याकडे जेमतेम दोन महिने असतं आणि तेव्हा लोक धान कापत असतात. शिवाय काच नि तिची यंत्रणा छतावर बसल्यावर गाडीचं वजन वाढतं, म्हणजे जे विचारत आत आलो तेच घटतं. पण मांडवातून निघताना नवरी छतातून डोकं बाहेर काढते. इंजिनातून डोकं काढता येत नाही.

त्या शोरूममध्ये हायब्रिडही होती. गुरुजींनी नंतर टपरीवर तिचा हिशेब मांडला. ती साध्या गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग धरा. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. साधी खऱ्या रस्त्यावर अठरा देईल, हायब्रिड चोवीस. म्हणजे एकीला ६६७ लिटर, दुसरीला ५००. वाचले १६७ लिटर, लिटरला १०५ धरले तर साडेसतरा हजार रुपये. अडीच लाख वसूल व्हायला चौदा वर्षं आणि वर तीन महिने. "रामाला वनवास तेवढा!" गुरुजी म्हणाले. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेव्हा शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत निव्वळ नफा. कर्जाचं व्याज त्यांनी दयेपोटी धरलं नव्हतं.

हाच हिशेब कंपनीतला अकाउंटंटही करतो, त्याचा कागद फक्त मोठा असतो. नवं इंजिन म्हणजे शेकडो कोटींचा कारखाना, साचे, चाचण्या, आणि ते पैसे लाखो इंजिनं विकून परत आणायचे. म्हणून एकदा जमलेलं इंजिन कुणी सोडत नाही. डिसेंबर १९८३ च्या मारुती ८०० मध्ये ७९६ सीसीचं इंजिन होतं. त्याच घराण्यातलं ७९६ सीसीचं इंजिन सुधारत सुधारत अल्टोमध्ये २०२३ पर्यंत चाललं. चाळीस वर्षं. फियाटची गंमत तर याहून कडू आहे. डिझेल जास्त दाबाने फवारून वाचवायचं कॉमन रेलचं तंत्र तिच्याकडे तयार होत आलं होतं. पुरं करायला पैसा कमी पडला, तर तिने ते बॉशला विकलं, आणि १९९७ पासून जगभरच्या डिझेल गाड्यांत त्यावर दुसऱ्यांनी कमाई केली. पुढे याच तंत्रावरचं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे मारुतीपासून टाटांपर्यंत अनेकांनी वापरलं. बीएस-६ आलं, ते स्वच्छ करायचा खर्च परवडेना आणि २०२० मध्ये तेही गेलं. लिटरला वीस-बावीस देणारं इंजिन गेल्याचं दुःख टपरीने दोन दिवस पाळलं.

बरं, तंत्र फुकट दिलं तरी आम्ही ते वापरू असं नाही. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय आता बऱ्याच गाड्यांत येते. आमगावचा माणूस गाडीत बसल्यावर पहिलं काम काय करतो, तर ती सोय बंद करतो. इंजिन थांबलं की एसीची गार हवा आटते, आणि गाडीने मालकाला न विचारता काही करावं हे त्याला पसंत नसतं. तोच माणूस रेल्वे फाटक पडलं की लगेच चावी फिरवून इंजिन बंद करतो, दार उघडून उतरतो, तंबाखू मळतो आणि मालगाडीचे डबे मोजतो. तसंच उताराचं. दरेकशाकडच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांचा आमच्याकडे एक पंथ आहे. कार्बोरेटरच्या काळात त्यात तथ्य होतं. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर पेट्रोल आपोआप तुटतं. न्यूट्रल केली तर इंजिन जिवंत ठेवायला थोडं लागतंच, आणि वर ब्रेकवर सगळा भार. हे समजावून सांगितलं तर पंथाचे लोक दयेने बघतात.

एवढं करून इंजिनिअरांनी पाच-सहा टक्के वाचवून आणलेच, तर ते टाकीतून परत जायची व्यवस्था झालेली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. ज्या चारचाक्या यासाठी घडवलेल्या नाहीत त्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं होतं. २०२३ मध्ये नितीन गडकरींनी इथेनॉलवर धावू शकणारी इनोव्हा दाखवली, तेव्हा मामाजींनी टपरीभर नजर फिरवली. मोहफुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

हे इथेनॉल उसाचं असतं, मक्याचं असतं, आणि तांदळाचंही असतं. तांदूळ म्हटल्यावर धानाच्या जिल्ह्यात कान टवकारतात. टनभर तांदळापासून साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल निघतं, गुरुजींनी लगेच खिशातून पेन काढलं. चाळीस लिटरची टाकी फुल केली तर त्यात आठ लिटर इथेनॉल. सगळं तांदळाचं धरलं तर जवळजवळ अठरा किलो तांदूळ.

"एका टाकीले?" मामाजी म्हणाले.

शेठचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. क्विंटलभर धान भरडून द्यायचा तांदूळ सदुसष्ट किलो, हे राइस मिलवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलवाल्यांना मिळाला तो २२५० रुपये क्विंटलने. शेठनी बोटांवर एकदा मोजलं, उलट मोजलं.

"धानापेक्षा तांदूळ सस्ता? हे गनित कोन्या मिलात बसते गुरुजी?"

गुरुजींनी पेनाचं टोपण लावून टाकलं. मामाजी मात्र अजून त्या अठरा किलोंपाशीच होते. राशनवर माणशी पाच किलो मिळतं.

"म्हंजे साडेतीन मानसाचं खाते गाडी," ते म्हणाले. "तिचं नाव राशन कार्डात टाकून घ्या जी."

"पिवळ्या का केसरी?" मेकॅनिकने विचारलं.

मामाजींनी रस्त्यापलीकडे उभी असलेली शेठची नवी गाडी टायरपासून छतापर्यंत न्याहाळली.

"सनरूफ असन तर पांढरं."